विनोदी मालिकेतली बाई शहाणीच का असते?

वेंधळेपणा नवऱ्याने करायचा आणि बायकोने कपाळावर हात मारून घ्यायचा, हे असंच का चालतं? विनोदी मालिका बघताना हा प्रश्न घरोघरी निघतो आणि बहुतेक वेळा तो बायकाच विचारतात. गच्चीत अडकतो तो नवरा, चुकीच्या माणसाला पैसे देऊन येतो तो नवरा, साहेबासमोर फजिती होते ती नवऱ्याची. बायको दार उघडते, ऐकून घेते, सुस्कारा टाकते आणि चहा ठेवते. हशा त्याला मिळतो, तिला मिळते सहानुभूती. हे लेखकांच्या आळसामुळे होतं, की विनोदी मालिकेचा साचाच तसा आहे? उत्तरासाठी आधी हा साचा उघडून बघावा लागेल.

१. सिटकॉम म्हणजे काय?

रोजच्या मालिकेत गोष्ट पुढे जाते. लग्न ठरतं, मोडतं, कुणाची स्मृती जाते, परत येते. सिटकॉममध्ये गोष्ट पुढे जात नाही. तेच घर, तीच चार-पाच माणसं, तीच नाती. दर भागात एक नवी अडचण येते, गोंधळ वाढतो आणि वीस-बावीस मिनिटांत सगळं पूर्वपदावर येतं. कॅरमचा डाव संपला की सोंगट्या पुन्हा बोर्डाच्या मध्यभागी मांडतात, तसं. मागच्या डावात कोण हरलं याचा पुढच्या डावावर काही परिणाम नाही.

यातून पहिला नियम निघतो. परिस्थिती दर वेळी बदलते, म्हणून माणसं बदलून चालत नाही. प्रेक्षकाला माणूस पुरता ठाऊक असला पाहिजे. दाराची बेल वाजताच ‘आता ही काय करणार’ हे त्याला आधी कळतं आणि त्या आधी कळण्यातच अर्धा हशा असतो. विनोदी नटाला टायमिंग लागतं हे खरं. पण ते टायमिंग ज्यावर उभं राहतं, ती प्रेक्षकाची ही ओळख असते.

२. हट्ट हवा

मग पात्राचं न बदलणारं असं काय असतं? आवाज, चालण्याची ढब किंवा तोंडात बसलेलं एखादं वाक्य ही वरची सजावट झाली. आतून लागतो तो हट्ट. त्या माणसाला एक गोष्ट हवी असते, ती पूर्ण मिळत नाही आणि तो सोडतही नाही.

टीव्हीवरच्या विनोदी नायिकेचा सगळ्यात गाजलेला नमुना अमेरिकेत घडला. ‘आय लव्ह लूसी’ ही मालिका १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाली आणि १९५७ पर्यंत चालली. नायिका लूसी रिकार्डो ही न्यूयॉर्कमधल्या एका बिऱ्हाडातली गृहिणी. नवरा क्लबात वाद्यवृंद चालवतो. लूसीला त्याच्या कार्यक्रमात स्टेजवर जायचंय आणि नवऱ्याला ते नकोय. एवढ्या एका हट्टावर लूसील बॉल या अभिनेत्रीने सहा हंगाम काढले.

या मालिकेतला चॉकलेट कारखान्याचा भाग १९५२ चा. कमावणं सोपं की घर चालवणं सोपं, यावर नवरा-बायकोचा वाद होतो आणि कामांची अदलाबदल ठरते. लूसी आणि शेजारीण एथेल कारखान्यात लागतात. सरकत्या पट्ट्यावरून येणारी चॉकलेटं कागदात गुंडाळायची. एकही तसंच पुढे गेलं तर नोकरी गेली. पट्टा जरा वेगात येतो. उरलेली चॉकलेटं दोघी तोंडात कोंबतात, टोपीत लपवतात, अंगरख्यात टाकतात. मुकादमीण येते, पट्टा स्वच्छ बघते, खूश होते आणि पट्टा आणखी जोरात सोडायला सांगते.

हा प्रसंग नीट बघा. अडचण वाढते ती लूसीच्या चुकीमुळे नाही, तिच्या यशामुळे. तिने चॉकलेटं इतकी बेमालूम लपवली की शिक्षा म्हणून आणखी चॉकलेटं आली. ती मूर्ख नाही, उलट भलतीच कर्तबगार आहे. कर्तबगारी चुकीच्या हट्टाला जुंपली की विनोद तयार होतो.

३. शहाणी बाई कुठून आली?

आता आपल्याकडे येऊ. दूरदर्शनवर १९८८ मध्ये ‘वागले की दुनिया’ सुरू झाली. कल्पना आर. के. लक्ष्मण यांची, दिग्दर्शन कुंदन शाह यांचं. वागले हा साधा नोकरदार. जगाच्या चलाखीपुढे त्याचं काही चालत नाही. ती भूमिका अंजन श्रीवास्तव यांची आणि त्याची पत्नी राधिका झाल्या भारती आचरेकर. वागलेला जगाशी नीट वागायचंय आणि जग त्याला नीट वागू देत नाही, हा झाला हट्ट. राधिकेचं काम त्याला जमिनीवर ठेवण्याचं. भारती आचरेकरांनी हे काम इतकं चोख केलं की २०२१ मध्ये सोनी सबवर नव्या पिढीची ‘वागले की दुनिया’ आली, तेव्हा म्हातारी राधिका म्हणून पुन्हा त्यांनाच आणलं. मधे तीसहून जास्त वर्षं गेली होती.

‘श्रीमान श्रीमती’ ही १९९० च्या दशकातली दूरदर्शनची मालिका. हिंदी असली तरी केशव आणि कोकिला कुलकर्णी हे त्यातलं मराठी जोडपं. केशवला शेजारची नटी भुरळ घालते, शेजारणीच्या नवऱ्याला कोकिला आवडते. म्हणजे दोन्ही हट्ट पुरुषांचे. केशव झालेले जतीन कनाकिया उड्या मारायचे आणि कोकी झालेल्या रिमा लागू त्या उड्यांना जमीन पुरवायच्या.

मराठीतलं ठळक उदाहरण ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. २००१ मध्ये अल्फा मराठीवर आलेली ही मालिका दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर बेतलेली आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली. आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या हे पाच जणांचं घर. श्यामला म्हणजे शुभांगी गोखले. निवृत्त सासरे, नोकरदार नवरा आणि वाढत्या वयाची दोन मुलं यांच्या चार तऱ्हा तिच्याभोवती चालू असतात. शुभांगी गोखल्यांचं काम पुन्हा पाहिलं तर ध्यानात येतं की त्यांच्या बोलण्याइतकंच त्यांचं ऐकणं मजेदार आहे. समोरचा एकेक वाक्य टाकतो तसा चेहऱ्यावर हिशेब चालू असतो आणि तो पुरा झाल्यावरच त्या तोंड उघडतात.

या तिघींचं काम समजून घेण्यासाठी स्किट करणाऱ्यांचे दोन शब्द उपयोगी पडतात, फीड आणि पंच. एकाने चेंडू उचलून द्यायचा, तो फीड. दुसऱ्याने तो मारायचा, तो पंच. फीड चुकला तर पंच पडत नाही, म्हणून फीड देणारा नट अनुभवी लागतो. शिवाय कुणीतरी शहाणं असल्याशिवाय वेडेपणा उठून दिसत नाही. म्हणजे शहाणी बाई हे कमी प्रतीचं काम नव्हे. तक्रार वेगळीच आहे. घरातली दोन कामं कायमची वाटून टाकली गेली. हट्ट पुरुषाकडे, निस्तरणं बाईकडे. मध्यमवर्गीय घरात बाईने हट्ट धरला तर घर थांबतं, ही भीती लेखकांच्या मनातही असावी.

४. दोघी हट्टी असल्या तर?

ही वाटणी मोडण्याची एक सोपी रीत आहे. दोन्ही हट्ट बायकांना द्यायचे आणि मधे पुरुषाला उभं करायचं. सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तू तू मैं मैं’मध्ये हेच झालं. १९९४ मध्ये डीडी मेट्रोवर सुरू झालेली ही मालिका पुढे स्टार प्लसवर गेली. सासू देवकी म्हणजे रिमा लागू, सून राधा म्हणजे सुप्रिया पिळगांवकर. प्रत्यक्षात दोघींच्या वयात नऊ वर्षांचं अंतर, पण पडद्यावर रिमाताई हां हां म्हणता एक पिढी वर चढल्या. घरावर राज्य आपलंच, असं दोघींनाही वाटतं. कुलदीप पवारांनी केलेला सासरा आणि मुलगा या दोघांनी मधल्या मधे भरडून घ्यायचं. त्याच रिमा लागू ‘श्रीमान श्रीमती’त फीड देतात आणि इथे पंच मारतात. अभिनेत्री तीच, कुवत तीच. फरक पात्राला मिळालेल्या हट्टाचा.

दहा वर्षांनी, २००४ मध्ये, ‘साराभाई वर्सेस साराभाई’ने हाच डाव आणखी धारदार केला. कफ परेडला राहणाऱ्या मायाला, म्हणजे रत्ना पाठक शाह यांना, सगळं काही उच्च अभिरुचीचं हवं. सून मोनिशाला, म्हणजे रूपाली गांगुलीला, पैसे वाचवायचेत. सुनेचं मूळ नाव मनीषा. ते फार मध्यमवर्गीय वाटतं म्हणून सासूने बदलून मोनिशा केलं. नावापासूनच भांडण लागलं की लेखकाला परिस्थिती शोधत हिंडावं लागत नाही. घासाघीस करून आणलेली साधी बादलीसुद्धा त्या घरात एक अख्खा प्रवेश चालवू शकते.

५. साडीतला पुरुष आणि कल्याणची मुलगी

मराठीत आणखी एक अडथळा होता. हसवणारी बाई हवी तर पुरुषाला साडी नेसवायची, ही आपली जुनी सवय. तमाशातल्या गवळणीतली मावशी पुरुषच करत आला. २०१४ मध्ये झी मराठीवर ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झाला, तेव्हा डोंबिवलीकर भाऊ कदम आणि सागर कारंडे यांनी साडी नेसून धमाल उडवली. नेहमीच्या चमूत खरी बाई एकच, श्रेया बुगडे. साडीतल्या पुरुषाने हशा हमखास येतो, पण तो विसंगतीचा हशा असतो. मिशीवाला माणूस पदर सावरतो, एवढ्यावर तो उभा. त्या बाईला काय हवंय हे कुणी विचारत नाही, म्हणून पात्र वर्षभर टिकवणं जड जातं.

सोनी मराठीवर २०१८ मध्ये सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आली आणि चित्र पालटलं. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात यांना भरपूर जागा मिळाली. त्यांच्यातच शिवाली परब आली. ती कल्याणची, कार्यक्रमात तिची ओळखच ‘कल्याणची चुलबुली’ अशी करून दिली जाऊ लागली. स्किट म्हणजे सिटकॉम नव्हे. ते काही मिनिटांत संपतं. पण एखादं पात्र लोकांनी मागून घेतलं की ते पुन्हा पुन्हा येतं, त्याचा स्वभाव पक्का होतो, आणि सिटकॉमचं बी पडतं.

हे बी कल्याणसारख्या गावात रुजतं त्याला कारण आहे. ठाण्याचं गडकरी रंगायतन, कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर ही तीन नाट्यगृहं एकाच रेल्वेमार्गाच्या कडेने आहेत. ठाण्यात किरण नाकती यांचा अभिनय कट्टा आहे. महाविद्यालयांतून एकांकिका होतात. तिथे प्रेक्षकांत बसलेला तुमचाच वर्गमित्र हसला नाही तर लगेच कळतं. विनोदाला याहून कडक शिकवणी नाही. मालिकांची बरीच चित्रीकरणंही घोडबंदर रोडच्या पट्ट्यात होतात. नट इथले, सेट इथला आणि पडद्यावरचं घर मात्र बहुधा भलत्याच ठिकाणचं बंगलेवजा. तेव्हा एक घर इथेच बांधून बघू.

६. उदाहरण सोडवून बघू: डोंबिवलीची वैशाली

वैशाली हे काल्पनिक पात्र. वय त्रेचाळीस, डोंबिवली पूर्वेला राहते, दादरला बँकेत नोकरी. आता तिला हट्ट देऊ. तो मोठा नको, घरगुती हवा. शेजारून आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही, हा आपल्याकडचा रिवाज. वैशालीने तो टोकाला नेलाय. कुणाचंही देणं अंगावर ठेवायचं नाही, हा तिचा हट्ट.

सोमवार. लोकलचा लेडीज डबा. आत शिरल्या शिरल्या बसलेल्या बायकांना ‘कुठे?’ असं विचारून जागा सांगून ठेवायची ही पद्धत. ठाण्याला उठणाऱ्या बाईची जागा मेधाने सांगून ठेवलेली असते. वैशालीच्या हातातली जड पिशवी बघून मेधा म्हणते, ‘तुम्ही बसा हो, मी उभी राहीन.’ झालं. वैशाली बसते खरी, पण दादरपर्यंत तिला ती जागा टोचत राहते.

मंगळवारी ती मेधासाठी अळूवड्या नेते. लेडीज डब्यात उघडलेला डबा एकीचा राहत नाही. मेधा आग्रह करते, पाच जणी खातात आणि बुधवारी पाचही जणी काहीतरी करून आणतात. कुणाच्या सुरळीच्या वड्या, कुणाचं थालीपीठ, कुणाची खांडवी. वैशालीकडे आता पाच डबे, आणि रिकामा एकही जाता कामा नये.

बुधवारी संध्याकाळी नळाला पाणी नाही. वैशाली कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून अळूवड्या घेते, कागदी पिशवी तीन घड्या घालून कचऱ्यात तळाशी दडपते आणि वड्या पाच डब्यांत भरते.

गुरुवारी गाडीत कौतुक सुरू होतं. ‘घरी केल्यात?’ ‘हो, पहाटे उठले.’ पाचांपैकी सुनंदा मात्र एक वडी फार सावकाश चावते. त्या केंद्राला वड्या पुरवते तीच, रोज रात्री. ती विचारते, ‘चिंच किती घातलीत?’ वैशाली गप्प. बाकीच्या चौघी कान टवकारतात. मग सुनंदाच म्हणते, ‘लिंबाएवढी असणार. चवीवरून कळतंय. हात चांगलाय तुमचा.’

वैशालीची अब्रू वाचली आणि तिच्या डोक्यावर या आठवड्यातलं सगळ्यात मोठं देणं चढलं. शुक्रवारी तिला जागा मिळते. ती उठून सुनंदाला ‘बसा’ म्हणते. सुनंदा म्हणते, ‘छे, तुम्हीच बसा.’ दोघी एकमेकींचे दंड धरून ओढाओढ करतात. ठाणं येतं, एक कॉलेजची मुलगी आत घुसते, म्हणते ‘थँक्यू काकू’ आणि बसते.

आता हिशेब तपासू. नशिबाने घडलेल्या गोष्टी दोनच, इथल्या लोकांना ठाऊक असलेलं पाणी न येणं आणि वड्या सुनंदाच्याच निघणं. बाकी प्रत्येक अडचण वैशालीच्या स्वतःच्या कृतीतून निघाली. परतफेडीच्या प्रत्येक प्रयत्नाने देणं वाढलं, जसं चॉकलेटं लपवल्यामुळे चॉकलेटं वाढली. ती हुशार आहे, सुसंस्कृत आहे आणि पुरती अडकली आहे. शिवाय तिच्या नवऱ्याची या भागात एकदाही गरज पडली नाही.

७. साप्ताहिक आणि रोज

मग अशा नायिका जास्त का दिसत नाहीत? एक कारण वेळापत्रकाचं. ‘टिपरे’ किंवा ‘तू तू मैं मैं’ आठवड्यातून एकदा दिसायच्या. वैशालीसारख्या गोष्टीची घडी बसवायला लेखकाला काही दिवस मिळत. रोजच्या मालिकेत आठवड्याला पाच-सहा भाग द्यावे लागतात. तेवढ्या वेगाने हट्टाची चढती भाजणी रचणं अवघड. त्यापेक्षा कुणाचं तरी कारस्थान पुढे सरकवणं सोपं. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ २००८ पासून आठवड्यातले बहुतेक दिवस दिसत आली आणि चार हजारांवर भाग झाले, पण तिथे ओझं वाटून घ्यायला अख्खी सोसायटी आहे. त्यातली माधवी भिडे, म्हणजे सोनालिका जोशी, लोणची-पापडांचा व्यवसाय करते. स्वतःचं गिऱ्हाईक असलेली बाई हे विनोदाला उत्तम भांडवल. तरी सोसायटीचा एकमेव सेक्रेटरी असल्याचा तोरा मिरवायला मिळतो तो तिच्या नवऱ्याला.

८. आज रात्री करून बघा

घरी जी विनोदी मालिका चालू असेल तिच्यातल्या बाईला तीन प्रश्न लावा.

पहिला: तिला काय हवंय, हे एका वाक्यात सांगता येतं का? उत्तर ‘घरातले सगळे सुखी राहावेत’ असं येत असेल, तर तिला हट्ट दिलेला नाही, घराची देखभाल दिली आहे.

दुसरा: या भागातली अडचण कुणाच्या कृतीतून निघाली? सलग चार भाग बघून मोजा. चारही वेळा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या कृतीतून निघाली असेल, तर ती फीड देतेय.

तिसरा: शेवटी ती काही शिकली का? इथे बहुतेक जण फसतात. नायिकेला धडा मिळाला की आपल्याला बरं वाटतं, आणि मराठी लेखकाला तर उपदेशाचा मोह आवरत नाही. पण शिकलेली बाई पुढच्या आठवड्यात चुकणार नाही, आणि न चुकणारी बाई घेऊन लेखक करणार काय? वैशालीला ‘देण्याघेण्याचा इतका हिशेब ठेवू नये’ हे कळलं, की तिची मालिका त्याच दिवशी बंद करावी लागेल.